वरच्या कोंडावरचा मांडव

१५ जून, रविवार

"तुझ्या हाताला काय लागत नाय गो, तू आपली लिहीत बस."

आई हे म्हणाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुडीलच्या घरामागे दुधीच्या मांडवाखाली आम्ही दोघी उभ्या होतो. ती रागावलेली नव्हती. डोक्यावरची शेणखताची पाटी उतरवता उतरवता सहज बोलून गेली. तिला जाऊन नऊ वर्षं झाली, पण ते वाक्य अजून जिथल्या तिथे आहे. आज शिवथरच्या एसटीत मांडीवर कोरी वही घेऊन बसले होते, तेव्हा ते पुन्हा ऐकू आलं.

वही कामाची होती. तीन ठिकाणच्या बायका आपापल्या गावात मिळून भाजीची बाग करतात. शिवथरच्या, तुडीलच्या, आणि पोलादपूरच्या डोंगरावरच्या एका वस्तीतल्या, जिला सगळे नुसतं 'वरचा कोंड' म्हणतात. एकीला दुसरीचं काही ठाऊक नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकीच्या बागेत जमायचं, बघायचं, विचारायचं, सांगायचं, असं मी ज्या संस्थेत काम करते तिथे सुचवलं आणि ते माझ्याच गळ्यात पडलं. मी त्याला 'फेरी' म्हणते.

आज पहिली फेरी. तीन गावांच्या मिळून एकोणीस जणी आल्या. मी म्हटलं, प्रत्येकीने आपली एक चूक सांगायची, मी वहीत लिहीन. चुकांतूनच आपण एकमेकींना शिकवू.

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग शिवथरच्या चंपाबाई पदर सावरत म्हणाल्या, "लिवा. माझ्या सुनेनं मिरचीच्या रोपांना कढत राख टाकली."

"चंपाबाई, तुमची स्वतःची चूक."

"सून माझीच हाय की!"

सगळ्या हसल्या आणि मग धारच लागली. कोणाच्या जावेने वालीचं बी उलट्या हंगामात पेरलं, कोणाच्या नवऱ्याने तण म्हणून माठ उपटला. सतरा चुका झाल्या, त्यातली एकही सांगणारीची नाही. तुडीलच्या रेश्माला मुंबईहून परत येऊन दोनच वर्षं झालीत, ती तेवढी म्हणाली, "ताई, माझं तर सगळंच मिस्टेक आहे, कुठून स्टार्ट करू?"

वरच्या कोंडाच्या बयाबाई मागे, भिंतीला टेकून होत्या. साठीच्या पुढच्या, लहानशा, ताठ. मी विचारलं तर म्हणाल्या, "चुकलं तं वेल दाखवतो. मी कशाला सांगू?"

निघताना मात्र त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. पडवळाचं बी. त्यांच्या सासूने माहेरून आणलेलं, माणसाएवढं लांब होणारं, पांढरं, हिरव्या रेघांचं. प्रत्येकीच्या ओंजळीत चार चार बिया टाकल्या. पुरचुंडी रिकामी झाली तशी फडकं झटकून डोक्याला गुंडाळलं.

"तुम्हाला ठेवलं का, काकी?" मी विचारलं.

"माझं पेरून झालं. नवीन येईल. घरात बसून बी म्हातारं होतं."

१६ जून

बारा वर्षं मी महाडला बियाण्याच्या दुकानात काउंटरवर होते. दोन हजार एकवीसच्या पुरात दुकान गेलं, मालकांनी पुन्हा उघडलं नाही. पाकिटांचा तो वास, थोडा औषधी, थोडा कोंड्यासारखा, कधी कधी अजून साडीला येतोसा वाटतो. हजारो लोकांना मी बी विकलं. काल पहिल्यांदा कोणीतरी ते असं ओंजळीत टाकताना पाहिलं. नाही, पहिल्यांदा नव्हे. आई द्यायची. मी विसरले होते.

१३ जुलै, रविवार

फेरी तुडीलला. माझं माहेर, पण आता तिथे आमचं कोणी नाही. घर भावाने विकलं. रेश्माची बाग नदीपासून थोडी वर, जुन्या शाळेच्या मागे आहे. सावित्री काठोकाठ होती. लहानपणी याच पाण्यात मगर दिसली की आम्ही शाळेचा तास सोडून काठावर धावायचो, आणि आई मागून ओरडत यायची. मगरीसाठी नव्हे, शाळेसाठी. लावणीच्या दिवसांत गावातली सगळी मुलं चिखलात असायची, मला मात्र ती सकाळी दप्तरासकट बाहेर काढायची. चिखलात उतरूच द्यायची नाही. तेव्हा मला फार अपमान वाटायचा. माझ्या हाताचा उपयोग नाही म्हणूनच ना.

बाग छान धरली आहे. बयाबाईंच्या बियांचे वेल कमरेएवढे झालेत. बयाबाईंनी आज स्वतःहून तोंड उघडलं. पडवळाच्या टोकाला दगड बांधला की ते वाकडं होत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दगड केवढा, कधी बांधायचा, यावर तिन्ही गावांची अर्धा तास जुंपली.

"सुपारीएवढा," बयाबाई.

"आमच्याकडं लिंबाएवढा बांधतात," चंपाबाई.

"म्हणून तुमची पडवळं तुटून पडत्यात."

"तुम्हाला कोणी सांगितलं गो पडतात म्हणून?"

"आताच तुझ्या तोंडावर दिसलं."

चंपाबाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. मग त्यांनी एकदम सांगून टाकलं, "खरं हाय. गेल्या साली सात पडली. मी कुणाला बोलले नाय, रातीच्या रातीत भाजी केली." ही वहीतली पहिली खरी चूक. मी तारीख घालून लिहिली.

बयाबाईंची सून अपेक्षा शांतपणे सगळ्यांचे फोन नंबर घेत होती. पोरगी हुशार आहे. म्हणाली, "ताई, मी लग्न होऊन आले तेव्हापासून आत्याबाई पहिल्यांदाच कोणाला काही सांगताना बघते. घरात त्या बोलतच नाहीत. हात चालतात, आपण बघायचं." ग्रुप तिनेच बनवला. नाव ठेवलं 'मांडव'.

परत येताना जुन्या घराच्या बाजूने आले. मागे आता पत्र्याची मोटारसायकलची शेड आहे. थोडा वेळ उभी राहिले, मग कोणीतरी कोण पाहिजे विचारलं, म्हणून निघाले.

३ ऑगस्ट, रविवार

फेरी वरच्या कोंडावर. ज्या दिवसाची मी वाट पाहत होते तो दिवस. पोलादपूरहून जीप, मग पाऊण तास चढण. खालून आम्ही चौदा जणी गेलो. चंपाबाई दर वळणावर म्हणत होत्या, "आता ह्या बयेला खाली नांदवा कोणीतरी."

मांडव पाहिला आणि मी वाटेतच थांबले. बांबूचा, उंच, गुरांच्या गोठ्याला लागून. त्यातून पडवळं, कारली, दुधी लोंबत होते, आणि प्रत्येक कोवळ्या फळाला फडक्याची पिशवी. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या, लाल, जांभळ्या, हिरव्या. जणू बाळांची टोपडी वाळत घातली आहेत. आईच्या मांडवालाही अशीच फडकी असायची. ती दुपारभर बांधत बसायची, आणि मी लांबून बघायची.

बयाबाई चुलीशी गेल्या होत्या. आमच्यासाठी भाकऱ्या आणि म्हशीच्या दुधाचा चहा. मी बायकांना गोल उभं केलं. मादी फूल कोणतं, नर कोणतं, हे मला दाखवायचं होतं. दुकानात असताना तक्त्यावर दाखवायची, आज खऱ्या वेलावर. मी बोट करून दाखवायला लागले तशा बयाबाई चुलीवरून उठून दारात आल्या.

"बोट दाखवू नको गो. कोवळं हाय. मुडपून दाखव."

मी हसले. प्रेमानेच हसले. म्हटलं, "काकी, बोटाने काही होत नाही. फळं कुजतात ती फळमाशीने. ती फळात अंडी घालते." आणि सगळ्यांना ते नीट समजावून सांगितलं. बयाबाई मान हलवून आत गेल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

मग फळं जवळून बघायची होती म्हणून फडकी सोडायला सांगितली. बुडाशी एक पडवळ होतं, त्याच्या देठाला काळा दोरा. ते बियाण्यासाठी राखलेलं. अपेक्षा म्हणाली, "ते राहू दे ताई, आत्याबाई त्याला हात लावू देत नाहीत." पण फोटोसाठी तेच सगळ्यात सुंदर होतं. मी म्हटलं, दोन मिनिटं. बयाबाई पुन्हा बाहेर डोकावल्या तेव्हा मीच म्हटलं, "आम्ही बांधतो काकी, तुम्ही जा, भाकरी करपेल."

भाकरी, लसणाची चटणी, वर ताक. इतकी चव किती वर्षांत नाही. खाता खाताच समोरच्या डोंगरावरून सर आली. खालची शेवटची जीप चारला. मी सगळ्यांना घाई केली, चला, चला, नाहीतर इथेच राहावं लागेल. चंपाबाई म्हणाल्या, "राहू की! म्हशी धुवू." हसत, घसरत, एकमेकींचे हात धरून उतरलो.

फार दिवसांनी मी इतकी आनंदात आहे.

५ ऑगस्ट

काल ग्रुपवर फोटो टाकले. कोवळ्या फळांवर लाल बाण आणि बोटाची चित्रं लावून प्रत्येक भागाचं नाव लिहिलं. रेश्माने दहा टाळ्या पाठवल्या. संस्थेतूनही छान म्हणून आलं. वरच्या कोंडावरून काही नाही. तिथे रेंज नसते, आणि आता त्यांची नाचणीची लावणीही असेल.

१४ ऑगस्ट, गुरुवार

अपेक्षाने फोटो पाठवले. पिवळी पडलेली कारली, काळी बोटं फिरल्यासारखी पडवळं, खाली सडा. काळ्या दोऱ्याचं पडवळ मधोमध कुजून तुटलेलं. खाली एकच ओळ: "बियाण्याचंपण गेलं ताई."

मी लगेच उत्तर दिलं. फळमाशी आहे, पडलेली फळं गोळा करून खोल पुरा, सापळा लावा, मी घेऊन येते. लांब संदेश लिहिला, मुद्द्यांसह. सगळं बरोबर लिहिलं होतं.

संध्याकाळी ग्रुपवर दिसलं: अपेक्षा बाहेर पडली. पाठोपाठ वरच्या कोंडाच्या बाकीच्या चौघी.

१५ ऑगस्ट

चंपाबाईंचा फोन. त्यांच्या भाच्याचं सासर वरच्या कोंडाच्या बाजूच्या वाडीत आहे, त्यामुळे त्यांना सगळं कळलं.

"खालच्या बायकांनी बोट लावलं, असं झालंय वर. तुमचं नाव नाय घेत, खालच्या बायका म्हणतात. आता आमच्या बागेतल्यापण मुठी वळून फिरतायत. कालपास्नं कोणी कोणाला भेंडीसुद्धा दाखवीना."

"चंपाबाई, तुम्हाला तरी पटतं का हे?"

"मला पटून काय? मी पण मुडपूनच दाखवत्ये."

रेश्माचं म्हणणं, पुढच्या फेरीत याच विषयावर बोलायचं, फळमाशीचा मोठा फोटो दाखवायचा, अंधश्रद्धा कशी चुकीची ते सांगायचं. मलाही तेच वाटलं. पण पुढची फेरी होणार आहे का, हे मलाच माहीत नाही. वरच्या कोंडाशिवाय फेरी म्हणजे दोन शेजाऱ्यांनी एकमेकींकडे चहा पिणं. आणि ते बी? त्यांनी सगळं आम्हाला वाटलं, आणि त्यांच्या हाती यंदा काही नाही.

नवरा, प्रवीण, दुसऱ्या पाळीला निघत होता. एमआयडीसीची बस कोपऱ्यावर येते. बूट घालता घालता त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "दुकानात कोणी असलं काही बोललं तर तू हसायचीस का?"

"नाही. गिऱ्हाईकाला कोण हसतं?"

"हं," म्हणाला, आणि डबा घेऊन गेला.

त्याला काय म्हणायचं होतं कोण जाणे. मी प्रेमाने हसले होते.

२४ ऑगस्ट, रविवार

एकटीच वर गेले. पिशवीत दोन सापळे. कोंडाच्या पहिल्याच घराशी बयाबाईंचे मालक भागोजीकाका म्हशीला दोरी लावत होते.

"बयो घरात नाय. रानात गेली."

"त्यांच्या चपला दारात आहेत, काका."

"दोन जोड हायत तिला. श्रीमंत बाई हाय."

मी ओटीवर बसले. आत भांड्याचा आवाज आला आणि थांबला. काकांनी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी सापळा दाखवला. नराला वास येतो, तो आत शिरतो, परत येत नाही, असं सांगितलं.

"वास आला की आत जातो नि परत येत नाय? आमच्या लग्नाचं सांगतेस काय बाय?"

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, "काका, त्या माझ्यावर रागावल्यात का?"

"राग कसला? ती काय बोलते काय?" म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सासूच्या हातचं बी होतं. म्हातारी मेली तेव्हा पण हिनं आधी वेलाला पाणी घातलं, मग रडली." दोरीची गाठ आवळून, "पाणी पी नि उतर. सर येईल."

पाणी त्यांनीच आणून दिलं. मांडवाच्या दाराच्या झापाला आतून दोरी बांधलेली होती. मी सापळे कुंपणाला लावले आणि उतरले.

१ सप्टेंबर, गौरीपूजन

नणंद मुंबईहून आली आहे. जेवणं झाल्यावर म्हणाली, वहिनी, तुमच्या त्या बागांचे फोटो दाखवा ना. मी फोन तिच्या हातात दिला आणि आरतीची भांडी विसळायला गेले.

आज दिवसभर आई आठवत होती. गौरीला ती मांडवावरचा पहिला दुधी ठेवायची. एका वर्षी, त्याच, दहाव्या वर्षी, मी मैत्रिणीला तो दुधी बोट करून दाखवला होता. आईने माझा हात खाली ओढला, बोट चावायला लावलं, चावलं की बोटाला पाप लागत नाही म्हणून. पण मी मैत्रीण गेल्यावर पुन्हा गेले होते. दुधी किती वाढला ते बघायला मी फडकं सोडलं होतं, आणि परत बांधता आलं नव्हतं. माझी गाठ बसेना. आठ दिवसांनी दुधी गळला. तेव्हाच ती ते वाक्य बोलली. फडक्याचं मी तिला कधीच सांगितलं नाही.

"हे काय हो वहिनी," नणंद म्हणाली, "आधीच्या फोटोत सगळ्यांनी झबली घातलीत, आणि शेवटच्यात नागडी?"

ओल्या हातानेच फोन घेतला. शेवटचा फोटो मी निघताना, उतरणीवरून काढलेला. मांडव, पावसाची तिरपी रेघ, उघडी फळं. आणि कुंपणावर लाल, जांभळ्या, हिरव्या फडक्यांचा ओला ढीग.

आम्ही बांधतो काकी, तुम्ही जा.

नणंद म्हणाली, काय झालं, चेहरा का असा? मी म्हटलं, काही नाही, दमले.

७ सप्टेंबर

अपेक्षाला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. पाणवठ्यावर होती, तिथेच काय ती रेंज मिळते; मागे पाण्याचा आवाज होता.

मी सगळं सांगितलं. घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आत्याबाईंना तिसऱ्या दिवशीच कळलं ताई. दोन दिवस आम्ही नाचणीत होतो. तुम्ही बांधलीत असंच त्यांनी धरलं होतं. तिसऱ्या दिवशी गेल्या तर फडकी कुंपणावर. त्यांनी ती धुतली, वाळवली, घडी करून ठेवली. मला म्हणाल्या, कोणाला बोलू नको, बायका लांबून आल्या होत्या."

"मग बोटाचं?"

"वाडीतल्या विचारायला लागल्या ना, एवढं कसं गेलं. काहीतरी सांगायला लागतंच. बोट सगळ्यांचं असतं ताई, कोणा एकीचं नाव येत नाही."

मी त्यांना फळमाशी समजावून सांगत होते. फडकी कशासाठी बांधतात हे त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटलं होतं का?

"रागावल्यात?" मी विचारलं.

"माहीत नाही. परवा मी ग्रुपचं नाव काढलं तर म्हणाल्या, आपलं आपण बरं. मला यायचं होतं ताई. मला खूप यायचं होतं."

१४ सप्टेंबर, रविवार

फेरी शिवथरला झाली. दोन गावं, अकरा जणी. फळमाशीचा मोठा फोटो रेश्मा घेऊन आली होती. मी तिला तो गुंडाळून ठेवायला सांगितला.

वही उघडली आणि उभी राहून सांगितलं. फडकी मी सोडायला लावली. बियाण्याचं पडवळ फोटोसाठी मी सोडायला लावलं. बांधते म्हणून मी सांगितलं. घाई मी केली.

मग तुडीलची एक म्हणाली, "दोन फडकी मी सोडली होती." दुसरी म्हणाली, "मी एक बांधलं होतं, पण एकच." चंपाबाई म्हणाल्या, "मी काय केलं सांगू? मी खात बसले."

हसू आलं, पण थोडंच. त्याच पुढे म्हणाल्या, "तीन महिने आमच्या चुका गोळा करता बाई. आज तुमची निघाली. आता तुम्ही आमच्यातल्या." आणि लगेच, मी हळवी व्हायच्या आत, "लिवा ना मग, कोण लिवणार ती?"

मी लिहिली. अक्षर नीट आलं नाही.

मग रेश्मा म्हणाली, "ताई, बी आहे." सगळ्या तिच्याकडे वळल्या. "आमच्या वेलाला लागलंय ना, त्यांच्याच बियांचं. सगळ्यात चांगलं एक ठेवू या पिकायला. कोणी फोटो काढायचा नाही हां."

१२ ऑक्टोबर, रविवार

तुडीलला पडवळं पिकली. एकाऐवजी तीन ठेवली होती त्या बायकांनी, एक वेलाचं, एक पावसाचं, एक नशिबाचं असं म्हणत. लालभडक झाली, मग फुटली. रेश्माने बिया राखेत चोळून, वाळवून, पुडी केली. वर कोणी न्यायची यावर बोलणं झालं. मी जाऊ नये असं सगळ्यांचं मत पडलं. मलाही ते पटलं. चंपाबाई आपल्या भाच्याच्या सासरी जायचं निमित्त काढून गेल्या.

संध्याकाळी त्यांचा फोन. "घेतलं."

"काय म्हणाल्या?"

"पुडी सोडून हातावर घेतलं. एक एक बी बघितलं. फोलकट दोन निघाली, ती बाजूला केली. बाकीचं कनवटीला. मला जेवायला घातलं. येताना ताकपण दिलंन."

"आणि फेरीचं?"

चंपाबाई म्हणाल्या, "विचारलं मी. म्हणाली, बी घेतलं. बायका नकोत."

त्यांनी ते अगदी बयाबाईंच्या आवाजात सांगितलं. आम्ही दोघी जरा हसलो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ मी ओट्यावरच बसून राहिले. बी परत गेलं हे खरं. पण बी काय, ते तर मी बारा वर्षं दुकानात विकलंच होतं. त्यासाठी मी हे सुरू केलं नव्हतं.

मग कशासाठी केलं होतं? प्रवीणने परवा हेच विचारलं. मी म्हटलं, बायकांनी एकमेकींकडून शिकावं म्हणून. तो म्हणाला, "आणि तू?" मी म्हटलं, मी काय, मी तर फक्त जमवून आणते.

१ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. खालच्या शेतांत भात कापून वाल पेरायला सुरुवात झाली आहे. शिवथर आणि तुडीलच्या बायका आता माझ्याशिवायही एकमेकींकडे जातात. मागच्या आठवड्यात चंपाबाई तुडीलला जाऊन कांद्याच्या रोपांवरून भांडून आल्या, मला दोन दिवसांनी कळलं. मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

पण गावं तीन आहेत असं म्हणताना जीभ अडते. अपेक्षा अधूनमधून फोन करते, पाणवठ्यावरूनच. काय पेरलं, किती उगवलं. परवा हळूच म्हणाली, ताई, तुम्ही येऊन बघा एकदा, पण आत्याबाई नाहीच म्हणतील, मी सांगून ठेवते.

उद्या जाणार आहे. सापळा नाही, तक्ता नाही, फोन पिशवीत बंद. वहीसुद्धा नको. दुपारपासून काय बोलायचं ते मनात लिहून खोडते आहे. आधी माफी मागायची होती. पण माफी मागितली की त्यांना काहीतरी म्हणावं लागेल, असू दे, होतं असं, आणि त्यांच्यावर ते ओझं नको. मग पुढच्या वर्षीच्या फेऱ्यांची सगळी आखणी सांगायची होती, तीही खोडली. शेवटी एवढंच उरलं. त्या नको म्हणतील. कदाचित दारातही येणार नाहीत, काकाच सांगतील की रानात गेली. तरी म्हणणार आहे, ओटीवरूनच, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात:

काकी, पुढच्या श्रावणात एक दिवस आम्हाला येऊ द्या. मांडवात नको, झाप उघडू नका. आम्ही कुंपणाबाहेर वाटेवर बसू, भाकरी आमची आम्ही आणू. तुम्ही आत तुमचं काम करत राहा. काही सांगू नका, काही विचारणार नाही. आम्हाला नुसतं तुमच्या हाताकडे बघू द्या.